सेंट जॉनचा ट्रंक बे: हिवाळ्यात आई-बाबांना घेऊन जायचंय, समुद्र कसा असतो?

अबोली

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीला राहतो. आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत आणि थंडीने अगदी कंटाळलेत. म्हणून फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅरिबियनमधल्या अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सपैकी सेंट जॉन बेटावर जायचं ठरवतोय. सोबत आमचा सहा वर्षांचा मुलगा. ट्रंक बेचे फोटो पाहून सगळे हरखून गेलेत. निळंशार पाणी, पांढरी वाळू, मधोमध छोटंसं बेट. राष्ट्रीय उद्यानाचा भाग असल्याने समुद्र सुरक्षित आणि शांत असेल असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मला मात्र तेवढी खात्री वाटत नाही.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. विहिरीत पोहायला शिकलेले, कृष्णेच्या पुरातही पोहलेले, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. आईचे गुडघे दुखतात, तिला फक्त पाण्यात बसायचंय. मुलाला कासव बघायचंय. तिथे त्या दिवसांत पाणी खरंच कसं असतं, कुठल्या किनाऱ्यावर कधी जावं, काय न्यावं, हे जाऊन आलेल्यांनी सांगाल का? व्हिसाचंही विचारायचंय, कारण नवऱ्याचा एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, पासपोर्टवरचा स्टँप संपलाय, पण आय-७९७ हे मंजुरीपत्र चालू आहे.

दर्यावर्दी

अबोलीताई, नोकरीनिमित्त मी काही वर्षं शेजारच्या सेंट थॉमसला होतो आणि सुट्टीला सेंट जॉनला जायचो. तुम्ही विचारलंय ते फार कमी लोक निघण्याआधी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे 'संरक्षित' हे किनाऱ्याला आहे, तुम्हाला नाही. तिथली वाळू, प्रवाळ, कासवं, झाडं यांना कायद्याचं संरक्षण आहे. लाटांना कोणी अडवलेलं नाही. जीवरक्षक असेलच असं गृहीत धरू नका, आणि बेटावरच्या बाकीच्या किनाऱ्यांवर तर तुमचे तुम्हीच.

दुसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे किनाऱ्याचं तोंड कुठे आहे. ट्रंक बे उत्तरेला तोंड करून आहे, तसेच हॉक्सनेस्ट आणि सिनॅमन बे. वर्षातला बराच काळ तिथे वारा पूर्वेकडून वाहतो, व्यापारी वारे, त्यामुळे उत्तरेचे हे किनारे डोंगराच्या आडोशाला छान शांत असतात. पण नोव्हेंबर ते मार्च या काळात वर, उत्तर अटलांटिकमध्ये, हिवाळी वादळं होतात. तुमच्याकडे न्यू जर्सीत ज्या वादळाने बर्फ पडतो, शाळा बंद होतात, तेच वादळ पुढे समुद्रात सरकतं आणि त्याच्या लाटा दोन-तीन दिवसांनी दीड-दोन हजार किलोमीटर खाली येऊन ट्रंक बेवर आपटतात. तिथे त्या दिवशी आभाळ निरभ्र, वारा मंद, ऊन मऊ. आणि समुद्र मात्र उसळलेला. फसतात लोक ते इथेच.

या लाटांची ओळख सांगतो. वाऱ्याने उठलेल्या लाटा जवळजवळ असतात, चार-सहा सेकंदांनी एक. लांबून आलेल्या लाटांमध्ये बारा-चौदा सेकंदांचं अंतर असतं आणि त्या गटागटाने येतात. एक गट येऊन गेला की काही मिनिटं पाणी अगदी शांत होतं. नेमक्या त्याच वेळी कोणी किनाऱ्यावर पोचला तर त्याला वाटतं, काय सुंदर शांत समुद्र आहे, आणि तो मुलांना घेऊन आत शिरतो. म्हणून पोचल्यावर लगेच उतरायचं नाही. झाडाखाली सामान टाका, मुलाला काहीतरी खायला द्या आणि वीस मिनिटं नुसतं बघत बसा. मधल्या बेटाच्या खडकांवर पांढरं पाणी किती वर चढतंय ते बघा. वाळूवर ओली रेघ कुठपर्यंत गेलीय ते बघा. ती रेघ तुमच्या चटईच्या वर असेल तर एक मोठा गट येऊन गेलेला आहे आणि पुन्हा येणार आहे.

बाबांच्या आत्मविश्वासाबद्दल आदर ठेवून सांगतो, विहिरीत पोहणाऱ्याला खोल पाण्याची भीती नसते, पण त्या किनाऱ्यावर धोका खोल पाण्यात कमी आणि कमरेएवढ्या पाण्यात जास्त आहे. लाट सरळ काठावर फुटते, उभ्या माणसाला पाडते, आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते. खांदा, मान, गुडघा यांना मार बसतो तो असा. आईंना तर अशा दिवशी पाण्याच्या कडेलाही बसवू नका.

आणि आत ओढणारा प्रवाह सापडलाच तर त्याच्याशी भांडायचं नाही. पाठीवर तरंगायचं, दम राखायचा, जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरकायचं आणि हात वर करून बोलवायचं. हे बाबांना घरीच, निघण्याआधी सांगून ठेवा. पाण्यात गेल्यावर कोणी ऐकत नाही.

हवामानासाठी अमेरिकेच्या हवामान खात्याचं सान हुआन कार्यालय बघा. पोर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्सचा किनारी अंदाज तेच देतं. त्यात लाटांची उंची, दिशा आणि रिप करंटचा (म्हणजे आत ओढणाऱ्या प्रवाहाचा) धोका कमी, मध्यम की जास्त, हे स्पष्ट दिलेलं असतं. 'उत्तर किनारे' असा उल्लेख आणि 'जास्त' हा शब्द एकत्र दिसले की त्या दिवशी ट्रंक बे सोडा. कॅरिकूस या संस्थेच्या संकेतस्थळावर लाटांचे नकाशेही मिळतात.

गजाली

दर्यावर्दींच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी मालवणचा, आता फ्लोरिडात. आपल्याकडची माणसं तिथे का गोंधळतात ते थोडं सांगतो.

आपण कोकणात समुद्र ओळखतो तो भरती-ओहोटीवरून आणि पावसावरून. पावसाळ्यात दर्या खवळलेला, नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू निवळतो आणि मग हिवाळाभर सहसा शांत. ऑक्टोबर ते मे आभाळ स्वच्छ तर पाणी स्वच्छ, असं गणित मनात बसलेलं असतं. सेंट जॉनला हे गणित उलटं पडतं. तिथला हिवाळा कोरडा, सुंदर, गर्दीचा, आणि उत्तर किनाऱ्यांना लाटांचा काळ तोच. उन्हाळ्यात तेच किनारे शांत.

भरती-ओहोटीचं तर तिथे विचारूच नका. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला पाणी दोन-तीन मीटर वरखाली होतं, पुळण कुठच्या कुठे जाते. तिथे सगळा फरक मिळून जेमतेम फूटभराचा. त्यामुळे 'ओहोटीला जाऊ, पाणी उथळ असेल' या हिशेबाला तिथे अर्थ नाही. पाणी जिथे आहे तिथेच राहतं, बदलतात त्या फक्त लाटा.

तसं लांबून आलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यालाही लागतात. दक्षिणेकडच्या महासागरात वादळ होतं आणि चार-सहा दिवसांनी वारा नसताना इथे पाणी चढतं. हैदराबादची इन्कॉइस संस्था त्याचे इशारे देते. गावातले जुने रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, ते इशारे यायच्या आधीच होड्या वर ओढून ठेवायचे. दर्याचा आवाज बदलला की त्यांना कळायचं.

नीलकंठ

व्हिसाचं सांगतो. व्हर्जिन आयलंड्स हा अमेरिकेचाच प्रदेश आहे. १९१७ मध्ये डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलर्सना विकत घेतलेला. मुख्य भूमीवरून तिथे जाताना देशांतर्गत विमान, पासपोर्टवर शिक्का नाही. पण परत येताना सेंट थॉमसच्या विमानतळावर कस्टम्स आणि इमिग्रेशनची तपासणी असते, आणि आपल्यासारख्यांना कागद दाखवावे लागतात. मूळ पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ची (अमेरिकेत शिरल्याच्या नोंदीची) प्रत जवळ हवीच. आई-बाबांचे पासपोर्ट व्हिसासकट घ्या. तुम्ही अमेरिका सोडलेलीच नसल्याने नवऱ्याच्या संपलेल्या स्टँपमुळे तिथे अडत नाही. तरी कंपनीच्या वकिलांना एक ईमेल टाकून ठेवा, मन शांत राहतं.

खरा धोका वेगळाच. सेंट जॉनच्या उत्तर किनाऱ्यावरून समोर टॉर्टोला दिसतं, अगदी जवळ. ते ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. तिथे दिवसभराच्या बोटी जातात, व्हर्जिन गोर्डावरच्या प्रसिद्ध 'द बाथ्स'ला जाणाऱ्या. त्या बोटीत बसलात की तुम्ही अमेरिकेच्या बाहेर गेलात, आणि परत शिरायला चालू व्हिसा लागतो. स्टँप संपलेल्याने त्या बोटीकडे फिरकूसुद्धा नये.

फोनचं रोमिंग बंद ठेवा. त्या किनाऱ्यावर फोन अनेकदा पलीकडच्या ब्रिटिश बाजूचं नेटवर्क पकडतो आणि बिल येतं.

सावनी

आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो, ती तेव्हा साधारण तुमच्या मुलाएवढी. सोयीचं लिहिते.

सेंट जॉनला विमानतळ नाही. सेंट थॉमसला उतरायचं, टॅक्सीने रेड हूकला जायचं, तिथून वीसेक मिनिटांची फेरी सेंट जॉनवरच्या क्रूझ बेला. टॅक्सी म्हणजे बाजूने उघडा, बाकं लावलेला ट्रक, माणशी दर. आईंना चढायला पायरी उंच पडेल, हात द्यायला कोणीतरी खाली थांबा. गाडी भाड्याने घेतलीत तर रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायची, आपल्या भारतासारखी, पण गाडी अमेरिकन असल्याने स्टीअरिंगही डावीकडेच. चढ आणि वळणं अवघड आहेत.

ट्रंक बेला स्वच्छतागृह, शॉवर, छोटं उपाहारगृह, मास्क-फिन भाड्याने मिळायची सोय, हे सगळं आहे. त्याचं प्रवेशशुल्क असतं, आम्ही गेलो तेव्हा मोठ्यांना पाच डॉलर होतं. बाकी बहुतेक किनाऱ्यांवर शुल्क नाही आणि फारशी सोयही नाही. ज्येष्ठ माणसं सोबत असली तर ही सोय फार मोलाची आहे, म्हणून समुद्र शांत असेल त्या दिवशी ट्रंक बेच निवडा. सकाळी लवकर जा. सेंट थॉमसला क्रूझ जहाजं लागलेली असली की दहानंतर टॅक्सीमागून टॅक्सी येतात आणि वाळूवर चटई टाकायला जागा शोधावी लागते. पार्किंग त्याच्याही आधी भरतं. दुपारी तीननंतर पुन्हा मोकळं होतं.

मुलासाठी माहो बे. तिथे तळाला समुद्री गवत आहे आणि हिरवी कासवं ते चरायला येतात. पाणी बऱ्याच अंतरापर्यंत उथळ आणि डोंगराच्या कुशीत असल्याने तुलनेने शांत. आमच्या मुलीने छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मास्क लावून खाली बघितलं आणि तिच्यापासून दोन हातांवर कासव गवत तोडत होतं. तोंडाने ओढायचं, मान झटकायची, मग गवताचा छोटा तुकडा पाण्यात वर यायचा. दर थोड्या वेळाने श्वास घ्यायला वर. त्याच्या आणि पृष्ठभागाच्या मध्ये आपण यायचं नाही, एवढं मुलाला शिकवून न्या. हात लावणं, पाठलाग करणं कायद्याने गुन्हा आहे.

खाण्याचं: बेटावर किराणा महाग आहे. दडपे पोह्यांचं सामान, मेतकूट, थेपले, लाडू घेऊन जा. किनाऱ्यावर मात्र पिशवी बंद ठेवा, मुंगूस येऊन पळवतात.

आणि एक राहिलं. तिथे कोणालाही काही विचारायच्या आधी 'गुड मॉर्निंग' किंवा 'गुड आफ्टरनून' म्हणायचंच. दुकानात, टॅक्सीत, फेरीच्या खिडकीवर, सगळीकडे. थेट प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात. बाबांना हे आवडेल बघा.

अबोली

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना दर्यावर्दींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. विहिरीचा भाग ऐकून ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "माणूस बरोबर बोलतोय, कमरेएवढ्या पाण्यातच घोडा पडतो."

मुंगूस तिथे कसे? आणि ट्रंक बेला पाण्याखाली पाट्या लावलेली वाट आहे म्हणे, ती नवशिक्यांना जमते का?

प्रवाळवेडी

मुंगूस आपलेच आहेत, म्हणजे भारतातले. उसाच्या मळ्यांत उंदरांचा सुळसुळाट होता म्हणून १८७२ मध्ये ते कलकत्त्याहून जमैकात आणले आणि तिथून एकेका बेटावर पसरले. उंदीर रात्री हिंडतात, मुंगूस दिवसा, त्यामुळे उंदीर राहिले ते राहिलेच आणि मुंगूस कासवांची अंडी खाऊ लागले. कासवांच्या घरट्यांना तिथे आजही त्यांचा मोठा उपद्रव आहे. म्हणूनच त्यांना खायला घालू नका, कितीही गोड दिसले तरी.

पाण्याखालची वाट साधारण दोनशे मीटरची आहे, मधल्या बेटाच्या कडेने जाते, आणि तळाशी माहितीच्या पाट्या आहेत. पाणी शांत असेल तर लाइफ जॅकेट घालून नवशिक्यालाही जमते. तिथे लाट असेल तर मात्र खडक आणि प्रवाळ अगदी अंगाशी असतात, तेव्हा नको. बाबांना आधी वाळूच्या भागात कमरेएवढ्या पाण्यात मास्कची सवय होऊ द्या. नळीतून श्वास घेताना पहिल्यांदा घाबरायला होतं, आणि या वयात घाबरून धाप लागणं हे बुडण्याइतकंच गंभीर असू शकतं. हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. बेटावर दवाखाना आहे, मोठं रुग्णालय नाही, त्यासाठी बोटीने सेंट थॉमसला जावं लागतं.

आता मनापासून एक सांगते, कारण फोटो बघून गेलेल्यांची इथे निराशा होते. या वाटेवर रंगीबेरंगी प्रवाळाचे गालिचे दिसणार नाहीत. मी समुद्री जीवशास्त्र शिकते आणि तिथल्या प्रवाळाची गोष्ट दुःखाची आहे. २००५ मध्ये कॅरिबियनचं पाणी फार तापलं, प्रवाळ पांढरे पडले, पाठोपाठ रोग आला, आणि व्हर्जिन आयलंड्समधल्या निरीक्षणाच्या जागांवरचा निम्म्याहून जास्त जिवंत प्रवाळ गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ सेंट जॉनवरून गेलं, दोन आठवड्यांत मारिया आलं. २०१९ मध्ये सेंट थॉमसजवळ प्रवाळाच्या ऊती गळून पडण्याचा नवा रोग दिसला आणि आजूबाजूला पसरला. जे मेंदूच्या आकाराचे प्रवाळ शेकडो वर्षं वाढत होते ते काही आठवड्यांत पांढरे सांगाडे होऊन बसले. २०२३ मध्ये पाणी पुन्हा तापलं.

तरीही जा, आणि नीट बघा. जांभळे समुद्री पंखे, म्हणजे पंख्याच्या आकाराचे मऊ प्रवाळ, पाण्याबरोबर हलतात. निळे सर्जन मासे घोळक्याने जातात. आणि कान पाण्यात ठेवून स्थिर राहिलात तर बारीक कुरकुर ऐकू येईल. पोपटमासे चोचीने मेलेला प्रवाळ खरवडत असतात. शेवाळ खातात आणि दगडाचं पीठ मागून टाकतात. ट्रंक बेची ती पांढरी वाळू बरीचशी यांनीच केलेली आहे. मुलाला हे सांगाल तर तो प्रत्येक पोपटमाशाच्या मागे नजर लावून बसेल.

दोन गोष्टी कृपया पाळा. पाय प्रवाळावर टेकवू नका, मेल्यासारखा दिसला तरी. आणि सनस्क्रीन बघून घ्या. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेली सनस्क्रीन व्हर्जिन आयलंड्समध्ये २०२० पासून बंद आहेत. झिंक ऑक्साइडची चालतात. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यांना लांब बाह्यांचे पोहण्याचे शर्ट घ्या. आईंनाही.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे, वाळू यांतलं काहीही घरी आणायचं नाही.

रानवाट

झाडाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या किनाऱ्यांवर मॅंचिनील नावाचं झाड असतं. चकचकीत हिरवी पानं, लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं, वासही गोड. फळ विषारी आहे आणि चीक अंगावर पडला तर भाजल्यासारखे फोड येतात. पाऊस आला की माणूस झाडाखाली धावतो, आणि पानांवरून ओघळलेलं पाणीही अंगाला लागलं तरी त्रास होतो. काही झाडांवर पाटी किंवा लाल खूण असते, सगळ्यांवर नसते. मुलाला एकच नियम द्या की तिथे पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

संध्याकाळी वारा पडला की वाळूतल्या बारीक चिलटांचा त्रास होतो. सूर्यास्त बघायचा तर पाय झाका.

विश्वंभर

इतकं सगळं सांभाळायचं, प्रवाळही मेलेलं, लाटांची भीती, मग कशाला तिथे जायचं? ज्येष्ठांना घेऊन मेक्सिकोतल्या कानकुनला किंवा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाला सगळं समाविष्ट असलेल्या रिसॉर्टमध्ये जावं. खाणं-पिणं, पोहण्याचा तलाव, डॉक्टर, सगळं हाताशी.

दर्यावर्दी

विश्वंभरजी, तुमचा मुद्दा ज्येष्ठांच्या सोयीपुरता रास्त आहे, आणि कोणाला तसं जायचं असेल तर जरूर जावं. (अबोलीताईंच्या घरी संपलेल्या स्टँपमुळे मेक्सिकोचे नियम वेगळे तपासावे लागतील आणि पुंता काना बहुधा बादच, हे आहेच.) पण सेंट जॉनला का जावं हे मला सांगावंसं वाटतं.

तुम्ही म्हणता तसं रिसॉर्ट ट्रंक बेवरही सहज झालं असतं. लॉरन्स रॉकफेलर यांनी १९५०च्या दशकात बेटावरची पाच हजारांहून जास्त एकर जमीन घेऊन सरकारला दिली आणि १९५६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९६२ मध्ये त्यात आजूबाजूचा समुद्रही जोडला गेला. आज बेटाचा निम्म्याहून जास्त भाग उद्यानात आहे. म्हणून ट्रंक बेच्या वाळूवर उभं राहून मागे वळलं तर दिसतो तो डोंगर आणि झाडी, हॉटेलची भिंत नाही. पाणी इतकं स्वच्छ राहतं त्याचं एक कारण हेच. डोंगर उघडा केला, रस्ते-बांधकाम झालं, की पहिल्या मोठ्या पावसात माती खाली येते आणि प्रवाळ गाळाने गुदमरतो. बेटाच्या ज्या बाजूला बांधकाम जास्त झालंय, तिथे पावसानंतर पाणी तपकिरी होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि तो डोंगर पूर्वी असा नव्हता. डॅनिश लोकांनी १७१८ पासून गुलामांकडून तिथे ऊस लावून घेतला, उतारांवरची झाडी तोडून. १७३३ मध्ये त्या गुलामांनी उठाव केला आणि कित्येक महिने बेटाचा बराच भाग आपल्या ताब्यात ठेवला. अ‍ॅनाबर्गला साखर कारखान्याचे अवशेष आहेत, पवनचक्कीचा दगडी मनोरा, रस उकळायच्या कढयांची जागा. आपल्याकडच्या गुऱ्हाळाची ज्याला माहिती आहे त्याला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. भिंतींत दगडांच्या जोडीला प्रवाळाचे ठोकळे बसवलेले आहेत, जवळ जाऊन बघितलं की त्यांवरची नक्षी दिसते. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी आई-बाबांना तिथे न्या. वाट छोटी आणि बरीचशी बांधलेली आहे.

अबोली

विश्वंभरजी, तुमची काळजी कळते, पण बाबा स्वतः साखरपट्ट्यातले. अ‍ॅनाबर्गचं ऐकल्यापासून समुद्रापेक्षा त्यांना तेच बघायचंय. तिकिटं काढली. जाऊन आल्यावर लिहिते.

अबोली

मंडळी, परत आलो. सगळ्यांचे मनापासून आभार. जे जे लिहिलं होतं ते जवळपास तसंच समोर आलं.

निघायच्या आधी इकडे मोठं वादळ होऊन गेलं होतं, त्यामुळे सान हुआनचा अंदाज रोज बघत होते. पोचलो तेव्हा उत्तर किनाऱ्यांना 'जास्त' धोका दाखवत होते. सकाळी रस्त्यावरच्या उंच वळणावरून ट्रंक बे बघितला. वरून अगदी फोटोसारखा, ऊन पडलेलं, निळा. मी थोडा वेळ थांबायचा आग्रह धरला. काही मिनिटांत क्षितिजाकडून गडद रेघा सरकत आल्या आणि मधल्या बेटाच्या टोकावर पाणी उंच उडालं. आम्ही एवढ्या वर होतो तरी आवाज आला. बाबा म्हणाले, "चला अ‍ॅनाबर्गला." तिथे त्यांनी अर्धा दिवस काढला, कढयांच्या जागा पाहून आईला रस कुठून कुठे वाहत असेल ते समजावत होते. गुलामांबद्दलची पाटी वाचून मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत.

लाटा दोन दिवसांत उतरल्या. मग माहोला सकाळी लवकर गेलो. मुलाला कासव दिसलं, एक नाही, तीन. आई गुडघाभर पाण्यात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसली आणि जेवायलाही उठेना. ट्रंक बे शेवटी केला. पाणी शांत होतं, पण लाटांमुळे वाळू ढवळलेली असल्याने फोटोत दिसतं तेवढं स्वच्छ नव्हतं. हे पुढच्यांसाठी लिहून ठेवते: लाटा थांबल्या तरी पाणी निवळायला एखाद-दुसरा दिवस लागतो. बाबांनी जॅकेट घालून मास्क लावला आणि पोपटमाशांची कुरकुर ऐकली. प्रवाळवेडी, त्यांनी तुमच्यासाठी खास निरोप दिलाय की पोरीला म्हणावं, ऐकू आलं.

पाणी जरा गार वाटलं पहिल्यांदा. सव्वीस अंश असतं म्हणे तेव्हा, वाऱ्यात बाहेर आल्यावर आईला हुडहुडी भरायची. टॉवेल आणि कोरडा स्वेटर लागतोच. अधूनमधून पाच मिनिटांची सर येते आणि जाते. परतीच्या तपासणीत आय-७९७ मागितला, दाखवला, झालं. फळं विमानात आणू देत नाहीत, पिशवी वेगळी तपासतात.

मृद्गंध

अबोली, छान लिहिलंस. आम्हाला शाळेच्या सुट्टीमुळे जूनमध्येच जमणार आहे. तेव्हा उत्तरेच्या लाटा नसतील ना? सरगॅसमचं खूप ऐकलंय.

दर्यावर्दी

जूनमध्ये उत्तरेकडच्या लाटा जवळपास नसतात, ट्रंक बे त्या काळात सगळ्यात शांत. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास, गर्दी कमी, घरांची भाडी उतरलेली.

सरगॅसम म्हणजे तरंगणारं तपकिरी शेवाळ. २०११ पासून त्याचे प्रचंड पट्टे दर वर्षी अटलांटिकमधून कॅरिबियनमध्ये येतात, साधारण मार्चपासून उन्हाळा संपेपर्यंत. वारा पूर्वेकडून असल्याने ते बेटाच्या पूर्व आणि दक्षिण बाजूला साचतं, सॉल्ट पाँड, कोरल बे अशा ठिकाणी. उत्तरेच्या किनाऱ्यांवर तुलनेने कमी. ताजं असताना त्रास नाही, पण काठावर कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो, हायड्रोजन सल्फाइडचा. दम्याचा त्रास असलेल्याने अशा ठिकाणी थांबू नये. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन व्हर्जिन आयलंड्सपैकीच सेंट क्रॉय बेटाला ते इतकं आलं की समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कामात अडथळा आला आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हणजे तुमच्यासाठी नियम असा: हिवाळ्यात उत्तर किनारा लाटांसाठी तपासायचा, उन्हाळ्यात दक्षिण आणि पूर्व किनारा शेवाळासाठी.

जून ते ऑगस्ट कधीकधी सहारा वाळवंटाची धूळ येते. आभाळ दुधाळ होतं, लांबची बेटं दिसत नाहीत, दोन-तीन दिवसांत जातं.

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. जूनमध्ये शक्यता कमी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जास्त. प्रवासविमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी लागू होत नाही.